फ्रीरेडियसमधील पायथन मॉड्यूल हाताने चालवल्यास लोड होते, सेवा म्हणून सुरू केल्यास होत नाही

येरळाकाठ (तासगाव, जि. सांगली)

नमस्कार.

तासगाव आणि आसपासच्या काही गावांत इंटरनेट जोडणी देणाऱ्या एका छोट्या व्यवसायाचे सर्व्हर मी सांभाळतो. ग्राहकाच्या घरातला राउटर पीपीपीओई या जोडणी-पद्धतीने डायल करतो, आमचा मिक्रोटिक राउटर ती विनंती फ्रीरेडियसकडे, म्हणजे ग्राहकाची ओळख तपासणाऱ्या सर्व्हर प्रोग्रॅमकडे, पाठवतो, आणि फ्रीरेडियसमध्ये बसवलेली पायथनची स्क्रिप्ट पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये ग्राहकाची मुदत व प्लॅन पाहून त्याला आत घ्यायचे की नाही हे ठरवते. ही मांडणी तीन वर्षे विनातक्रार चालली.

शनिवारी रात्री मी सर्व्हर डेबियन ११ वरून डेबियन १२ वर नेला. त्यासोबत फ्रीरेडियस ३.०.२१ चे ३.२.१ झाले आणि पायथन ३.९ चे ३.११ झाले. मॉड्यूलच्या ‘पायथन_पाथ’ या सेटिंगमध्ये मार्गांची पूर्ण यादी लिहिलेली होती, तिच्यात मी सगळीकडे ३.९ च्या जागी ३.११ केले. त्यानंतर सर्व्हर सुरूच होईना. लॉगमध्ये ‘सायकॉपजी२ नावाचे मॉड्यूल नाही’ असे आले. सायकॉपजी२ म्हणजे पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारे पॅकेज.

हे पॅकेज पूर्वी पिपने, म्हणजे पायथनच्या पॅकेज-व्यवस्थापकाने, बसवले होते आणि ते ‘/यूएसआर/लोकल/लिब/पायथन३.९/डिस्ट-पॅकेजेस’ मध्ये अजून जागेवर आहे, म्हणून तो जुना मार्ग मी यादीत परत जोडला. तेव्हा संदेश बदलला आणि ‘सायकॉपजी२._सायकॉपजी नावाचे मॉड्यूल नाही’ असे येऊ लागले. त्या फोल्डरमध्ये या नावाने सुरू होणारी फाइल मला डोळ्यांनी दिसते आहे, तरीही पायथन ती नाही म्हणते. मग नव्याने पिप चालवून पाहिले, तर हे पायथन बाहेरून व्यवस्थापित आहे असे सांगून त्याने बसवण्यास नकार दिला. म्हणून माझ्या होम फोल्डरमध्ये एक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन पॅकेजेसचा वेगळा कप्पा) तयार करून त्यात सायकॉपजी२ बसवले आणि त्याच्या ‘साइट-पॅकेजेस’चा मार्ग यादीत दिला. आता रूट म्हणून ‘फ्रीरेडियस -एक्स’ (तपासणीसाठी हाताने चालवण्याची पद्धत) चालवले की सर्व काही ठीक होते आणि चाचणीच्या ग्राहकाला प्रवेशही मिळतो. ते बंद करून सेवा म्हणून सुरू करण्यासाठी ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ दिले की सर्व्हर पुन्हा पडतो, आणि तोही पहिल्याच संदेशासह. हा प्रकार मी पाच वेळा तपासला आहे.

सध्या एका स्क्रीन सत्रात ‘-एक्स’ लावूनच काम चालू ठेवले आहे, पण मला त्याची धास्ती वाटते. या अवस्थेत फ्रीरेडियस एकाच थ्रेडवर चालतो, आणि आमच्याकडे एखाद्या गावातली वीज जाऊन परत आली की तिथले सगळे राउटर एकदम डायल करतात. कॉन्फिगरेशन तेच, फाइल तीच, यंत्र तेच असताना हाताने चालवल्यावर लोड होणारे मॉड्यूल सेवेत का लोड होत नाही, हे कृपया कोणी समजावून सांगावे.


अजिंक्यतारा (सातारा)

नमस्कार. तुम्ही प्रत्येक पायरीचा संदेश शब्दशः नोंदवला आहे, त्यामुळे बरेच काही इथूनच सांगता येते.

सर्व्हरच्या पोटात दुसऱ्या भाषेचा इंटरप्रिटर बसवलेला असतो तेव्हा ‘मॉड्यूल लोड झाले नाही’ या एका वाक्याखाली चार वेगळे बिघाड येतात, आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उपयोगाचे नसतात. आधी फ्रीरेडियसने स्वतःचे ‘आरएलएम_पायथन३’ हे मॉड्यूल उचलायचे असते. ते ‘/यूएसआर/लिब/फ्रीरेडियस’ मध्ये असते आणि डेबियनमध्ये ‘फ्रीरेडियस-पायथन३’ या वेगळ्या पॅकेजमधून येते. त्या मॉड्यूलला मग पायथनची शेअर्ड लायब्ररी मिळावी लागते. ती मिळाली की इंटरप्रिटर उभा राहतो आणि तुमची स्क्रिप्ट शोधतो, आणि सर्वांत शेवटी स्क्रिप्टने मागितलेली पॅकेजेस शोधतो. ‘अमुक नावाचे मॉड्यूल नाही’ हे वाक्य पायथनचे आहे, फ्रीरेडियसचे नाही. ज्या अर्थी ते छापले गेले त्या अर्थी इंटरप्रिटर उभा राहिला होता, आणि नाव सायकॉपजी२ चे आहे म्हणजे तुमची स्क्रिप्टही वाचली गेली होती. तुमचा बिघाड शेवटच्या टप्प्यातला आहे, आणि फ्रीरेडियस पुन्हा बसवण्यात रात्र घालवू नये असे मी आवर्जून सांगेन.

आता फाइल दिसत असूनही पायथन ती नाही का म्हणते, हे पाहू. सायकॉपजी२ चा काही भाग पायथनमध्ये आणि गाभा सी भाषेत आहे. सी मधून बांधलेल्या अशा फाइलच्या नावातच ती पायथनच्या कोणत्या आवृत्तीसाठी बांधली आहे याची खूण असते. तुमच्या फोल्डरमधील फाइलचे नाव शेवटपर्यंत वाचा, त्यात ‘सीपायथन-३९’ असे असेल. ३.११ हा इंटरप्रिटर ‘सीपायथन-३११’ ही खूण किंवा बिनखुणेची फाइल शोधतो आणि ३९ च्या फाइलकडे पाहतच नाही. त्याच्या दृष्टीने ती फाइल चुकीची नाही, ती अस्तित्वातच नाही, म्हणून तो ‘जुळत नाही’ असे न म्हणता ‘नाही’ असे म्हणतो. ही खूण पायथन ३.२ पासून आहे आणि तिचा हेतू चांगला आहे, कारण वेगळ्या आवृत्तीसाठी बांधलेला सी चा कोड चालत्या सर्व्हरमध्ये उचलला गेला तर सर्व्हर कुठल्याही क्षणी कोसळू शकतो. तेव्हा ३.९ चा मार्ग यादीतून कायमचा काढा. अन्यथा पायथनचा भाग जुन्या फोल्डरमधून उचलला जाईल आणि गाभ्यासाठी पुन्हा हीच रड होईल.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटबद्दल एक गैरसमज फार ठिकाणी दिसतो, म्हणून लिहितो. ‘अ‍ॅक्टिव्हेट’ केल्याने बदलते ते फक्त तुमच्या शेलचे वातावरण, म्हणजे ‘पायथन’ टाइप केल्यावर कोणता प्रोग्रॅम सुरू होईल ते. फ्रीरेडियस पायथनचा प्रोग्रॅम सुरूच करत नाही. तो पायथनची लायब्ररी स्वतःच्या प्रोसेसमध्ये ओढून घेतो, आणि त्या लायब्ररीला तुमच्या शेलमध्ये काय घडले याची काहीही कल्पना नसते. तुम्ही मार्ग यादीत दिला हे योग्यच केले. मात्र ही सेटिंग काही आवृत्त्यांमध्ये पायथनच्या मूळ यादीत भर घालत नाही, ती यादीच बदलून टाकते, त्यामुळे मानक लायब्ररीचे मार्गही तिच्यात असू द्यावेत.

राहिला तुमचा मुख्य प्रश्न. सेवेत पुन्हा पहिलाच संदेश आला, ही तुम्ही दिलेली सर्वांत मोलाची माहिती आहे. यादीतला एखादा मार्ग अस्तित्वात नसेल तर पायथन तक्रार न करता पुढे जातो. म्हणजे सेवा म्हणून चालणाऱ्या प्रोसेसला तुमच्या होममधले ते फोल्डर एक तर दिसत नाही, किंवा दिसूनही उघडता येत नाही. कोणत्या कारणाने, हे अंदाजाने ठरवू नका. ‘सिस्टिमसीटीएल कॅट फ्रीरेडियस’ चालवून जे येईल ते शेवटपर्यंत वाचा. या आज्ञेत सेवेच्या मूळ व्याख्येच्या फाइलीबरोबर, म्हणजे युनिटबरोबर, नंतर कोणी जोडलेल्या पूरक फाइलीही दिसतात, आणि लोक नेमक्या त्याच वाचायच्या राहतात. ‘प्रोटेक्टहोम’ (सेवेपासून होम फोल्डर झाकणारी सेटिंग), ‘यूझर’, ‘एन्व्हायर्नमेंट’ यांपैकी काय आढळते ते इथे कळवा.


मिरज जंक्शन (मिरज)

आमच्याकडे हेच झाले होते, फक्त पायथनऐवजी पर्ल होते. फ्रीरेडियसच्या पर्ल मॉड्यूलमधून डीबीआय (पर्लचे डेटाबेस-पॅकेज) लोड होत नव्हते आणि पर्लचे कुठलेसे चिन्ह अपरिभाषित असल्याचा संदेश येत होता. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/फ्रीरेडियस’ या फाइलमध्ये ‘एलडी_प्रीलोड’ लिहून लिबपर्लचा पूर्ण मार्ग दिला आणि सेवा तत्काळ उभी राहिली. तुम्हीही लिबपायथन ३.११ चा मार्ग तसाच देऊन पाहा, दोन मिनिटांचे काम आहे.


अजिंक्यतारा (सातारा)

मिरजेच्या मित्रांचा उपाय त्यांच्या बिघाडासाठी अगदी योग्य होता. इथे तो लागू पडणार नाही, आणि तो का पडणार नाही हे कळले की दोन्ही बिघाड नीट ओळखता येतात.

सर्व्हर एखादी शेअर्ड लायब्ररी चालू असताना उघडतो तेव्हा तिची चिन्हे, म्हणजे फंक्शनांची व चलांची नावे, फक्त उघडणाऱ्यापुरती ठेवायची की त्या प्रोसेसमध्ये नंतर येणाऱ्या सर्वांना खुली करायची, हे त्याला ठरवावे लागते. ती खाजगी ठेवली तर इंटरप्रिटर स्वतः व्यवस्थित चालतो आणि शुद्ध पर्लमध्ये किंवा शुद्ध पायथनमध्ये लिहिलेली पॅकेजेसही लोड होतात. डीबीआयसारखे सी मधले पॅकेज मात्र इंटरप्रिटरची चिन्हे शोधू लागते, ती त्याला सापडत नाहीत, आणि ‘अपरिभाषित चिन्ह’ असा संदेश येतो. लिबपर्ल आधीच लोड करून ठेवले की तिची चिन्हे सर्वांना दिसतात, म्हणून तुमचे काम झाले. पायथनमध्येही हा प्रश्न आहे, आणि २०१९ मध्ये आलेल्या ३.८ पासून तो अधिक ठळक झाला, कारण तेव्हापासून युनिक्सवरची सी ची विस्तार-मॉड्यूल्स लिबपायथनशी जोडलेली नसतात. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पायथन बसवताना लिबपायथनची चिन्हे सर्वांसाठी खुली ठेवावीत, असे ३.८ च्या बदलांच्या नोंदीत स्पष्ट लिहिले आहे.

परंतु ‘अपरिभाषित चिन्ह’ हा संदेश येण्यासाठी फाइल आधी सापडावी लागते. तासगावच्या मित्रांना फाइल सापडतच नाही. शिवाय त्यांचे तेच पॅकेज ‘-एक्स’ मध्ये त्याच फ्रीरेडियसमधून लोड होते, म्हणजे चिन्हांची बाजू निर्वेध आहे. कृपया ‘एलडी_प्रीलोड’ लावू नका. उपयोग होणार नाहीच, पण ती ओळ त्या फाइलमध्ये राहून जाईल, आणि पुढच्या अपग्रेडमध्ये ३.११ ची लायब्ररी गेल्यावर एका नव्या, अधिक गोंधळात टाकणाऱ्या संदेशाचे कारण होईल.


येरळाकाठ (तासगाव, जि. सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. ३.९ च्या फोल्डरमधील फाइलच्या नावात खरोखरच ‘सीपायथन-३९’ आहे. मी तिचे नाव अर्धेच वाचले होते.

‘सिस्टिमसीटीएल कॅट’ चालवल्यावर खाली एक पूरक फाइल दिसली. ती ‘/ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/फ्रीरेडियस.सर्व्हिस.डी’ मध्ये आहे, माझ्या आधी हे काम पाहणाऱ्या सहकाऱ्यांनी लिहिलेली आहे, आणि तिच्यात ‘प्रोटेक्टहोम=येस’ ही एकच ओळ आहे. ती तीन वर्षे तिथे होती आणि कोणाच्याही आड आली नव्हती, कारण तेव्हा होममधले काही लागतच नव्हते.

खात्री करण्यासाठी मी ‘सिस्टिमडी-रन’ने ‘यूझर=फ्रीरॅड’ (ज्या वापरकर्त्याच्या नावाने सेवा चालते तो) आणि ‘प्रोटेक्टहोम=येस’ हे दोन गुणधर्म देऊन एक शेल उघडला आणि त्यात ‘/होम’ची यादी मागितली. त्यात काहीही दिसले नाही. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत, माझ्या नेहमीच्या शेलमध्ये, तेच फोल्डर भरलेले दिसत होते. एकाच यंत्रावर एकच मार्ग दोन प्रोसेसना दोन वेगळ्या गोष्टी दाखवतो, हे मी पहिल्यांदाच पाहिले. मध्यंतरी मी ‘सुडो’ने फ्रीरॅडच्या नावाने एक चाचणी केली होती, तीही का फसवी होती ते त्यामुळे कळले. तिच्यात वापरकर्ता बदलला होता, पण सेवेभोवतीचे कुंपण त्या चाचणीला नव्हते.

आता ती ओळ काढून टाकली की सेवा सुरू होईल असे दिसते. पण ती कोणी तरी विचार करूनच घातली असणार, म्हणून काढण्याआधी विचारतो. काढावी का?


कोयनाकाठ (कराड, जि. सातारा)

मधूनच लिहितो, कारण या शेवटच्या प्रश्नावर मला आग्रहाने मत द्यायचे आहे. ती ओळ कृपया काढू नका.

रेडियस सर्व्हरवर तुमच्या सर्व ग्राहकांची नावे, पासवर्ड आणि मिक्रोटिकशी ठरवलेले गुपित असते. बाहेरून आलेले पॅकेट वाचणारा आणि त्यावर स्क्रिप्ट चालवणारा हा प्रोग्रॅम आहे. त्याला माणसांच्या होम फोल्डरकडे पाहण्याचे काही कारण नाही, आणि तिथे तुमच्या एसएसएचच्या किल्ल्याही असतात. तुमच्या आधीच्या सहकाऱ्यांनी योग्य ते केले होते. चुकीच्या जागी आहे ते पॅकेज.

पिपने नकार दिला तेव्हाच्या त्या संदेशात पुढे उपायही सुचवलेला असतो, तो वाचावा. डेबियन १२ मध्ये सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट काही बसवता येत नाही, कारण तिथे दोन व्यवस्थापक एकाच जागेत फाइली ठेवू लागले की अपग्रेडच्या वेळी तुमच्यासारखी अवस्था होते. ‘पायथन३-सायकॉपजी२’ हे पॅकेज डेबियनच्या भांडारात आहे. एपीटीने, म्हणजे डेबियनच्या पॅकेज-व्यवस्थापकाने, ते बसवा. ते ‘/यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस’ मध्ये येते, या मार्गात ३.९ किंवा ३.११ असा आकडाच नाही, आणि डेबियन पुढच्या आवृत्तीला पायथन बदलेल तेव्हा हे पॅकेजही त्या पायथनसाठी बांधूनच देईल. तुमच्या स्क्रिप्टला भांडारात नसलेले दुसरे एखादे पॅकेज लागत असेल तरच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ठेवा, आणि ते ‘/ऑप्ट’ मध्ये ठेवा. मालकी रूटची असावी, फ्रीरॅडला फक्त वाचता यावे. सेवेला स्वतःचाच कोड बदलता येणे धोक्याचे आहे.

‘पायथन_पाथ’बद्दल आणखी एक गोष्ट. फ्रीरेडियसच्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये ही सेटिंग संपूर्ण सर्व्हरला लागू होते, असे टिपणीत लिहिलेले आहे. पुढे कधी लेखांकनासाठी पायथन मॉड्यूलची दुसरी प्रत जोडलीत आणि तिला वेगळा मार्ग दिलात, तर दोन्ही मार्ग आपापल्या जागी चालतील अशी अपेक्षा ठेवू नये.

मी इथे एका दूध संकलनाच्या हिशेबाचा पोस्टग्रेस सर्व्हर पाहतो. त्यात डेटाबेसच्या आतच पायथनची फंक्शने आहेत, म्हणजे यजमान वेगळा पण प्रकार हाच. आमचा बिघाड वर सांगितलेल्या दुसऱ्या टप्प्यातला होता. पायथन स्वतः बांधून ‘/यूएसआर/लोकल’ मध्ये बसवले होते, पण ‘एलडीकॉन्फिग’ चालवायचे राहिले होते, त्यामुळे लोडरला नवी लिबपायथन माहीतच नव्हती. ज्याने बसवले त्याच्या शेलमध्ये ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ लिहिलेला होता, म्हणून त्याच्या हातून सर्व चाले आणि पहाटेच्या संकलनाच्या वेळी सेवा पडे. ‘एलडीडी’ने त्या शेअर्ड फाइलवर पाहिले असते तर ‘सापडत नाही’ हे शब्द एका मिनिटात दिसले असते. आम्ही दोन दिवस फंक्शनचा कोड वाचत बसलो, आणि ते दोन दिवस संकलन केंद्रांवरच्या माणसांना वहीत हाताने नोंदी कराव्या लागल्या. म्हणून माझी विनंती आहे की शेलमध्ये ‘इम्पोर्ट’ चालले, ही चाचणी मानूच नका. स्क्रिप्टच्या ‘इन्स्टँशिएट’ फंक्शनमध्ये पायथनची आवृत्ती आणि ‘सिस.पाथ’ची यादी फ्रीरेडियसच्या लॉगमध्ये लिहिणाऱ्या दोन ओळी घाला. सायकॉपजी२ चे ‘इम्पोर्ट’ त्या ओळींच्या नंतर, फंक्शनच्या आत घ्या, नाहीतर ते फाइलच्या माथ्यावरच अडखळेल आणि तुमच्या ओळी कधी छापल्याच जाणार नाहीत.


येरळाकाठ (तासगाव, जि. सांगली)

काल रात्री एक वाजता, वापर सर्वांत कमी असताना, बदल केला.

एपीटीने ‘पायथन३-सायकॉपजी२’ बसवले. ‘पायथन_पाथ’मधून ३.९ चा आणि माझ्या होमचा असे दोन्ही मार्ग काढले, आणि ‘/यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस’ यादीत आहे याची खात्री केली. ‘प्रोटेक्टहोम’ची ओळ तशीच ठेवली, आणि ती कशासाठी आहे हे सांगणारी टिपणी तिच्या वर लिहिली. ‘इम्पोर्ट’ आत घेऊन त्याआधी दोन ओळी छापण्याची सूचनाही अमलात आणली. सेवा पहिल्याच प्रयत्नात उभी राहिली. लॉगमध्ये ३.११ आणि मार्गांची संपूर्ण यादी दिसली, आणि चाचणीच्या ग्राहकाला १८१२ या पोर्टवर प्रवेश मिळून १८१३ या पोर्टवर त्याच्या सत्राची नोंदही झाली. त्यानंतर यंत्र एकदा पूर्ण बंद करून सुरू केले, कारण सेवा कोणाचाही हात न लागता उठते की नाही हे मला पाहायचे होते. ती उठली.

आज सकाळी सव्वासात वाजता एका गावची वीज वीस मिनिटे गेली होती. ती परत आल्यावर तिथले सर्व राउटर पाठोपाठ जोडले गेले आणि एकही तक्रार आली नाही.

‘/यूएसआर/लोकल/लिब/पायथन३.९’ हे फोल्डर मी पुसलेले नाही, पण त्याचे नाव बदलून ठेवले आहे. त्यात पिपने बसवलेली आणखी चार पॅकेजेस आहेत, आणि ती या यंत्रावरची दुसरी कोणती स्क्रिप्ट वापरते का हे आता एकेक करून शोधतो आहे. बिल काढणारी स्क्रिप्ट महिन्याच्या १ तारखेला क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या व्यवस्थेतून, चालते, तिची चाचणी आजच दुपारी क्रॉनच्याच वातावरणात घेणार आहे.